वालूरला बसूनच जायचं होतं

मी एसटीत ड्रायव्हर होतो. गोदावरीच्या पुलावरून पाणी वाहत असताना मी गाडी अशी काढली आहे, की पलीकडे गेल्यावर मागच्या सीटवरच्या बाईच्या टोपलीत जिवंत मासळी उड्या मारत होती, आणि कंडक्टरनं तिचं लगेज फाडावं की हाफ तिकीट, यावर गाडीत मतदान झालं. हे खोटं आहे म्हणणारे लोक आहेत. ते त्या गाडीत नव्हते. तसा मीही नव्हतो, त्या दिवशी माझी रजा होती. पण गाडी माझीच होती.

हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढची हकीकत मला थाप न मारता सांगायची आहे आणि मला तशी सवय नाही.

पाथरीच्या अलीकडे, सेलूच्या रस्त्याला लागून आमचा वृद्धाश्रम आहे. बायको गेल्यावर मी इथं राहायला आलो. पोरं चांगली आहेत. इथले सगळेच तसं सांगतात, मीही सांगतो. माझ्या शेजारच्या खाटेवर पूर्णा जंक्शनचा रिटायर गँगमन. आयुष्यभर रुळावर हातोडी मारून आवाज ऐकलेला माणूस. तो म्हणायचा, रुळाला कान लावला की नांदेडच्या फलाटावर कोण खोकतंय ते मला पूर्णेत कळायचं. पुरुष का बाई, तेही. त्यामुळं आमचं पहिल्याच दिवशी जमलं. तो मला डायवर म्हणायचा, मी त्याला गँगमन.

मग तो न्हाणीत पडला. डाव्या खुब्याचं हाड मोडलं. परभणीला ऑपरेशन झालं, आत सळई बसली, पण पाय काही जमिनीला लागला नाही. उताणा, छताकडं बघत पडून असायचा. त्याला दुसरं काही नको होतं. वालूरला जाऊन एकदा अक्काला भेटायचं, एवढंच.

अक्का त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्कानंच त्याला काखेत घेऊन वाढवला. स्वतः शाळा पाहिली नाही, पण याला बखोटीला धरून शाळेत नेऊन बसवायची. आता ती वालूरला मुलाकडं असते. गुडघे गेलेले, डोळे गेल्यातच जमा. मोबाईलवर तोंड दाखवायचा प्रयोग आम्ही करून पाहिला. ती म्हणाली, "मला त्याच्यात नुसतं चांदणं दिसायलंय. लेकरा, तूच ये. हातानं चाचपल्याबिगर मला तू दिसत न्हाईस." तिला यायचं तर एसटीची पायरी तिच्या कमरेएवढी. त्यामुळं जायचं ते यानंच, आणि त्यासाठी जीपमध्ये बसता यायला हवं.

पावसाळ्यात एक दिवस आमच्या मावशी, म्हणजे इथलं रांधण्यापासून अंघोळी घालण्यापर्यंत सगळं करणाऱ्या बाई, त्याला पुसून घेताना म्हणाल्या, "बाबा, माकडहाडावर काळपट डाग पडलाय." आपल्या घरोघर जे करतात तेच आम्ही केलं. करडईचं तेल कोमट केलं आणि त्या जागेवर खसाखसा चोळलं. वरून पावडर थापली. डाग गेला नाही, चामडी मात्र निघाली.

संध्याकाळी फोनवर अक्का.

"काय व्हायलंय लेकरा? आवाज कामून असा?"

"काई न्हाई अक्का. पडून पडून बुडाला हाडूक टोचायलंय."

"मंग चुंबळ घे की खाली. खुळाच हाईस."

आठवडा झाला असेल नसेल, सेलूकडून येणाऱ्या जीपवाल्याच्या हाती चुंबळ आली. जुन्या लुगड्याच्या चिंध्या वळून केलेलं कडं, वरून हिरव्या काठाची पट्टी गच्च गुंडाळलेली. डोक्यावर घागरी घेताना बायका खाली ठेवतात तेच, फक्त बुडाच्या मापाचं. अक्कानं उभ्या जन्मात नदीवरून जेवढं पाणी वाहिलं तेवढं जायकवाडीत मावणार नाही. मधे भोक असलं की टाळूवर भार येत नाही, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. आम्हाला सगळ्यांना ते लख्ख पटलं. दुखरी जागा भोकात, भार कडेवर. मी तर त्याच दिवशी जाहीर केलं, की जगातल्या झाडून सगळ्या दवाखान्यांनी ही चुंबळ घ्यावी आणि अक्काला दिल्लीला बोलावून शाल पांघरावी.

गँगमन तिच्यावर निजला तो निजलाच. कूस बदल म्हटलं तर म्हणायचा, "अक्कानं पाठवलंय त्याच्यावरून उठू का?"

पुढं खोलीत वास यायला लागला. उदबत्ती लावली. मग माश्या यायला लागल्या.

आमच्याकडं सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली एक सिस्टर बीपी तपासायला येते. तेव्हा ती लेकीच्या बाळंतपणाला गेली होती. बाईचा आवाज असा, की तिनं पाथरीत 'पुढचा पेशंट' म्हटलं की सेलूतले पेशंट उठून उभे राहतात. ती परत आली, दारातच थांबली, नाकानं एकदा हवा ओढली आणि बीपीचं मशीन मावशींच्या हातात देऊन सरळ गँगमनकडं गेली.

त्याला कुशीवर घेऊन तिनं चुंबळ काढली. जी जागा मोकळी राहावी म्हणून एवढा खटाटोप केला, तिथंच जखम आत गेली होती. किती आत, ते लिहीत नाही. मी कुठलीही गोष्ट दुप्पट करून सांगणारा माणूस. ही मला निम्मी करूनही सांगवत नाही.

"हे कुणी लावलं?"

"अक्कानं पाठवलंय," गँगमन उशीत तोंड खुपसून म्हणाला.

"अक्का काय डॉक्टर हायत का?"

"डॉक्टरच्या वर हायत," मी म्हणालो.

"तुमी गप बसा मामा. बोट द्या इकडं."

तिनं पट्टीच्या बंडलाचा दोरा तोडला आणि माझ्या बोटाच्या मधल्या पेरावर आवळून बांधला. आम्ही सगळे बघत राहिलो. थोड्या वेळात बोटाचं टोक जांभळं पडलं आणि माझा आवाज बारीक झाला.

"टोकाला दोरा लागलाय का? न्हाई. तरी काळं तेच पडलं. ह्या कड्यानं चहूबाजूनं आवळलं की मधल्या मासाला रक्तच जात न्हाई. बाई डोक्यावर घागर घेऊन घटकाभर चालती, मंग उतरवून ठेवती. ह्यांनी कधी उतरवली?" आणि मग मावशींकडं वळून, "तेल चोळलं असंल ना? आतून मास मरायलंय आणि तुमी वरून रगडायलाय!"

मावशी पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. सिस्टर त्यांच्यावर नाही, आम्हा पुरुषांवर ओरडली. बरोबरच होतं.

त्या दिवसापासून आमच्या खोलीत तिचा हुकूम चालायला लागला. जखम सलाईनच्या पाण्यानं धुवायची, हळद नाही, पावडर नाही, शेजाऱ्यानं सांगितलेलं काही नाही. उताणं झोपायचं नाही. दर दोन तासांनी कूस बदलायची. तीही पुरती आडवी नाही, पाठीमागं उशी लावून तिरपं टेकायचं, म्हणजे कुशीचं हाड टोचत नाही. गुडघ्यांच्या मधे उशी, पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. चादरीला सुरकुती दिसली तर ती मलाच त्या सुरकुतीवर झोपवेल, असं म्हणाली. ओलं झालं की तिथल्या तिथं बदलायचं. रोज अंडी, डाळ, शेंगदाण्याचं कूट, कारण मास काही हवेतून येत नाही. आणि रोज सगळं अंग बघायचं, टाचांपासून कानापर्यंत. कुठं लाल दिसलं तर बोटानं दाबायचं, दाबून लाली हटली नाही तर तिला फोन.

जखम साफ करताना गँगमननं हूं केलं नाही. सगळं झाल्यावर त्यानं विचारलं, "मंग जीपमधी कवा बसू?"

"बसायचं नाव काढायचं न्हाई. ही पुरी भरंस्तोवर न्हाई."

तेव्हा त्याचा चेहरा पडला.

चुंबळ तो फेकू देईना. सिस्टर वैतागून म्हणाली, "ज्या जागेसाठी असती तिथं ठेवा." त्यानं खरंच डोक्यावर ठेवली. हिरव्या काठाचा मुकुट घालून गादीवर पडलेला राजा. अक्कानं फोनवर विचारलं, "चुंबळ लावतोस का रे?" हा म्हणाला, "दिसभर काढत न्हाई, अक्का." आम्ही तोंडात पंचे कोंबून हसलो.

पण कूस बदलायचं त्याच्या जिवावर यायचं. डाव्या अंगाला सळई, तिकडं वळताना कळ निघायची. उजवीकडं भिंत. "भितीकडं तोंड करून माणूस मरतंय," म्हणायचा. मावशींवर चिडायचा, सिस्टरची पाठ फिरली की पुन्हा उताणा. शेवटी मी माझा धंदा काढला. खाटेच्या डाव्या बाजूला स्टूल टाकायचं आणि पुलाची गोष्ट सुरू करायची. गाडी पुलाच्या मधोमध. पुढं पाणी, मागं पाणी. इंजिन बंद. गाडीत अडलेली बाळंतीण, एक फौजदार, त्यानं पकडलेला चोर. फौजदाराला पोहता येत नाही, चोराला येतं. चोर हळूच म्हणतो, साहेब...

"काय म्हणतो?"

मी स्टूल उचलायचो आणि खाट सरकवून भिंतीकडच्या बोळकांडीत जाऊन बसायचो. "ते इकडं सांगतो."

"डायवर, लबाडा, तुझं मढं बशिवलं!"

"बशीव. पण इकडं वळून बशीव."

तो शिव्या देत वळायचा, मावशी उशा लावायच्या, आणि चोर पुढचं वाक्य बोलायचा. दोन तासांनी पुन्हा डावीकडं. बाजूच्या खोल्यांतले म्हातारेही खुर्च्या घेऊन या अंगाहून त्या अंगाला फिरायचे. त्यांचीही सांधेदुखी कमी झाली. ती गाडी त्या पुलावर श्रावणापासून दिवाळीपर्यंत अडकून होती. बाळंतिणीला जुळं झालं, जुळ्यांची बारशी झाली, चोराला फौजदाराची नोकरी लागली, पण पाणी काही उतरलं नाही. जखम मात्र तळातून भरून यायला लागली. एक दिवस सिस्टर वाकून बघत म्हणाली, "लालचुटुक मास धरलंय." तिच्या तोंडून चांगलं ऐकून आम्हाला क्षणभर काय करावं कळेना.

दसऱ्याच्या सुमारास मला एक सुचलं. मी त्याला म्हणालो, "गँगमन, बसायलाच कशाला पायजे? टेम्पोत गादी टाकतो. तुला कुशीवर निजवतो, उशा लावतो, मी मागं तुझ्यापाशी बसतो. निजून चल वालूरला." सिस्टरला विचारलं होतं. ती म्हणाली होती, चालतंय, वाटेत एकदा कूस बदला.

त्यानं माझ्याकडं बघितलंच नाही.

"गावात टेम्पोतून आडवं माणूस कवा येतंय, सांग."

मी त्याच्या पोटऱ्यांखालची उशी सारखी करायला लागलो.

"बाया लेकरं आत घेतात. दारं लोटतात. अक्काला डोळ्यानं दिसत न्हाई. कुणीतरी वरडंल, म्हातारे, तुझ्या भावाला आणलाय, आडवा हाय. तिथंच बसंल ती. न्हाई बाबा. म्या पुढच्या सीटवर बसून जाणार, खिडकीच्या भायर हात काढून. तिच्या दारात हारन वाजवायचा."

"मंग फोनवर आधी सांगू तिला. तिलाच इचारू."

"काय सांगतोस? चुंबळीनं माझी पाठ नासली म्हणून? खबरदार डायवर. तिला काई सांगायचं न्हाई."

मला त्याचं म्हणणं पटलं. तेच वाईट झालं. पटलं नसतं तर मी भांडलो असतो, आणि भांडणात मला कुणी हरवलेलं नाही. त्याऐवजी मी त्याच्या बाजूनं थापा मारायला लागलो. अक्काला फोनवर सांगायचो, रस्त्यावर एवढाले खड्डे पडलेत, एका खड्ड्यात लग्नाचं वऱ्हाड उतरलंय, अजून वर आलं नाही. ती हसायची. "मंग पाऊस सरल्यावर आणा त्याला." पाऊस सरला. मी जीपवाल्याला आजारी पाडलं. "मंग कापूस येचून झाल्यावर तरी." कापूस वेचून झाला. "डायवरबाबा, हुरड्याला तरी आणा त्याला. त्याला हुरडा लय आवडायचा." मी म्हणालो, हुरड्याला नक्की.

हुरड्याच्या दिवसांत जखम बोराएवढी राहिली होती. सिस्टरनं फोमची जाड उशी आणून ठेवली आणि म्हणाली, पुढच्या महिन्यात थोडं थोडं बसवून बघू. गँगमननं त्याच दिवशी दाढी करून घेतली. कशाला, तर बसायचं म्हणून.

दुपारची जेवणं झाली होती. त्याच्या भाच्याचा फोन आला. मी फोन त्याच्या कानाला धरला होता, त्यामुळं मलाही ऐकू आलं.

"मामा, आई गेली. सकाळी च्या घेतला आन् पुन्हा निजली, ती उठलीच न्हाई."

गँगमन म्हणाला, "बरं." मी फोन खिशात टाकला. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रडेल. तो म्हणाला, "डायवर, तुझा तो टेम्पो भेटंल का?"

"भेटंल. पण निजूनच..."

"जसं नेशील तसं ने."

मी रस्त्यावर जाऊन टेम्पो थांबवला. दोन गाद्या टाकल्या, त्याला तिरपा टेकवला, उशा लावल्या आणि मागं त्याच्याशेजारी बसलो. टेम्पोवाल्याला आयुष्यात पहिल्यांदा मी 'हळू' म्हणालो. सेलूच्या पुढं एका शेताच्या बांधापाशी गाडी उभी करून त्याची कूस बदलली. त्या वेळी मी कुठलीही गोष्ट सांगितली नाही, त्यानंही मागितली नाही. वाटेत ज्वारी उभी होती, लोक हुरडा भाजत होते, धूर येत होता. आणि रस्ता चांगला होता. नुकताच केलेला, काळाभोर, कुठं खड्डा नाही. मी एवढे दिवस ज्या रस्त्यावर वऱ्हाडं बुडवली, तो असा गुळगुळीत निघाला. बसल्या बसल्या मला वाटायला लागलं, आता एखादा तरी खड्डा यावा.

वालूरच्या गल्लीत टेम्पो शिरला. दारापुढं माणसं जमली होती. मागचं फळकं खाली केलं आणि बायांनी आडवा माणूस बघितला.

"अगं माय! भाऊबी गेला का गं!"

एकच कालवा उठला. गँगमननं पांघरुणातून हात वर केला. "न्हाई गं माय, म्या हाय अजून." रडता रडता दोघीतिघींना हसू फुटलं आणि त्या पुन्हा रडायला लागल्या. भाच्यानं आणि मी त्याला गादीसकट उचलून आत नेलं, अक्काच्या बाजूला ठेवलं. तिच्या अंगावर पांढरं लुगडं घातलं होतं. समोर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. "तिकडं तोंड करा माझं," तो म्हणाला. आम्ही केलं. त्यानं हात पुढं करून तिचं तोंड चाचपलं, कपाळ, नाक, हनुवटी, तिनं त्याचं चाचपलं असतं तसं. माणसं त्रिसरण म्हणायला लागली. हाही पुटपुटत होता. त्याच अंगावर पडून त्याला बराच वेळ झाला होता. मी कूस बदलायचं काढलं नाही. तिला उचलेपर्यंत तो त्याच कुशीवर राहिला.

नंतर भाच्याच्या बायकोनं मला ओसरीत पाणी दिलं. हळूच म्हणाली, "बाबा, येवढे दिवस कामून न्हाई आणलं हो मामांला?"

"बसता येत नव्हतं त्याला."

"ते ठाऊक हाय की आमाला. जखमंचं जीपवाल्यानं कवाच सांगितलं होतं. आत्याबाई रोज म्हणायच्या, बसून न्हाई येत तर हातरुणासगट आणा. माझ्या चुंबळीनं झालं म्हणून डोळ्याला पदर लावायच्या."

"मंग फोनवर कामून न्हाई म्हणल्या तसं?"

"म्हणायच्या, त्यानं माझ्यापून लपिवलंय, त्याला समजलं तर वाईट वाटंल. तो आपणहून यील."

मी पाण्याचा तांब्या तसाच खाली ठेवला.

परतताना ऊन उतरलं होतं. टेम्पोत गँगमन डोळे मिटून होता, मला वाटलं झोपला. सेलू मागं पडलं तेव्हा म्हणाला, "डायवर, आधी असा आडवा आलो असतो तर अक्का घाबरली असती. व्हय ना?"

माणसाची थट्टा करायला, वेळ मारून न्यायला, तिकीट नसलेल्याला सेलूपर्यंत न्यायला मी थापा मारलेल्या आहेत. एवढी आखूड कधी मारली नव्हती.

"लय घाबरली असती," मी म्हणालो.

"तेच म्हणतो," तो म्हणाला. मग मी त्याला अलगद धरून दुसऱ्या कुशीवर घेतलं.

होळीच्या आधी जखम पुरी भरली. सिस्टरनं बोट फिरवून बघितलं आणि आम्हाला पेढे आणायला लावले. आता तो बसतो. सकाळी ऊन कोवळं असतं तेव्हा आम्ही त्याला फोमच्या उशीवर, रस्त्याकडच्या पडवीत बसवतो. थोड्या थोड्या वेळानं मी त्याला आठवण करतो, तो हातावर जोर देऊन बूड उचलतो, पुन्हा टेकतो. सेलूकडं जाणारी जीप समोर थांबते. जीपवाला ओळखीचा. मान बाहेर काढून ओरडतो, "येता का बाबा? पुढची सीट रिकामी हाय."

गँगमन हातानं त्याला 'जा' म्हणतो.